भूसंपादनाच्या रेषेबाहेरचे वावर

वणी, घुग्घुस, राजुरा, भद्रावती, उमरेड. विदर्भात कोळशाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात डिसेंबरच्या सकाळी पऱ्हाटीच्या वावरात उभे राहिले, की एकाच वावरात दोन प्रकारचा कापूस दिसतो. आतल्या बाजूला फुटलेले बोंड पांढरे असते. कोळशाचे टिप्पर जातात त्या रस्त्याकडच्या दहा-पंधरा तासांतले, म्हणजे ओळींतले, बोंड राखाडी असते. वेचणारी बाई दोन्ही एकाच ओटीत टाकते, कारण वेगळे वेचायचे तर मजुरी वाढते. व्यापारी गाडीत हात घालून पाहतो आणि हाताला जो राखाडी कापूस लागला त्याचा भाव सगळ्या गाडीला लावतो. या नुकसानीसाठी महसूल खात्याच्या कुठल्याही कागदात रकाना नाही. जमीन खाणीत गेली तर मोबदला आहे, पुनर्वसनाचे नियम आहेत. जमीन खाणीला लागून मागे राहिली, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही.

आमचा मुद्दा नेमका इथे आहे. कोळसा खाणीमुळे पिकांचे आणि झाडाझुडपांचे जे नुकसान होते ते आज भूसंपादनाच्या रेषेपर्यंतच मोजले जाते, आणि रेषेच्या आत अमुक लाख रोपे लावली की ते भरून निघाले असे धरले जाते. हे मोजमापच चुकीच्या जागी होते आहे. ते शेजारच्या वावरातल्या पानावर, विहिरीत आणि मातीत झाले पाहिजे आणि मोबदलाही त्याच मोजमापावर ठरला पाहिजे. ते करणे अवघड नाही, फार खर्चाचेही नाही.

आधी धुळीकडे पाहू. खुल्या खाणीत भोके पाडताना, सुरुंग उडवताना, शॉवेलने भरताना, क्रशरमध्ये, कोळशाच्या साठ्यावर आणि रेल्वे साइडिंगला वॅगन भरताना धूळ उडते. सुरुंगाचा धुरळा गावातून दिसतो म्हणून तक्रारी त्याच्याबद्दल होतात, पण तो दिवसातून एकदा उठतो आणि थोड्या वेळात बसतो. बहुतेक खुल्या खाणींत सगळ्यात मोठा वाटा वाहतुकीच्या कच्च्या रस्त्यांचा असतो. जड डंपरच्या चाकाखाली मुरूम आणि सांडलेला कोळसा दळला जातो, मागच्या गाडीच्या वाऱ्याने तो उचलला जातो आणि हे रात्रंदिवस चालते. उपाय म्हणून टँकरने पाणी मारतात. पाणी मारलेला रस्ता डिसेंबरात काही तास ओला राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तोच रस्ता तासाभरात कोरडा पडतो. त्यामुळे टँकरच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे बदलल्या पाहिजेत. नोंदवहीत मात्र वर्षभर सारख्याच फेऱ्या लिहिलेल्या असतात, आणि तपासणीला येणारा माणूस रस्ता पाहण्याऐवजी वही पाहून जातो.

पानावर बसलेली धूळ तीन-चार गोष्टी एकदम करते. पानावरच्या श्वसनछिद्रांची लांबी साधारण १० ते ४० मायक्रोमीटर असते. बारीक कण त्यांच्या तोंडात अडकले की छिद्र धड मिटत नाही, धड उघडत नाही. उघडे राहिले तर पाणी जास्त उडते, बंद राहिले तर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. वरचा थर उजेड अडवतो, म्हणजे अन्न कमी तयार होते. शिवाय धूळ काळी असल्याने ऊन शोषते आणि पान तापते. या सगळ्यात पीक मरत नाही, आणि नेमकी हीच पंचनाम्याची अडचण आहे. पीक उभे असते, हिरवेही दिसते, फक्त शेंगा कमी लागतात आणि दाणे बारीक भरतात. गारपिटीसारखे एका दिवसात आडवे झालेले वावर तलाठ्याला दिसते. चार महिने थोडे थोडे उपाशी राहिलेले वावर दिसत नाही.

कोणते पीक किती धूळ धरते हे पानाच्या ठेवणीवर ठरते. सोयाबीन आणि तुरीच्या पानावर लव असते, ती धूळ पकडून ठेवते. निलगिरीचे पान गुळगुळीत आणि खाली लोंबणारे, त्यावरून धूळ घसरते. सागाचे पान मोठे आणि खरखरीत, ते धुळीचा परातभर साठा करते. सगळ्यात वाईट अवस्था हरभऱ्याची. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर आंब येते, ती चिकट असते, पहाटे दव पडले की पान आणखी ओले होते. त्यावर बसलेली धूळ उन्हाने वाळून चिकटून बसते आणि नंतर वाऱ्याने झडत नाही. पावसाळी पिकांना निदान पाऊस धुऊन काढतो. रब्बीला धुणारे कोणी नाही. म्हणून खाणीजवळच्या गावांत हरभरा आणि गव्हाची तक्रार सोयाबीनपेक्षा जास्त येते. शेतकरी उगीच ओरडतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

फुलोऱ्याची वेळही अशीच आडवी येते. आंब्याचा मोहोर आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची फुले कोरड्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतात. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर चिकटून रुजावे लागतात, आणि ते टोक मुळातच चिकट असते. तिथे आधी धूळ बसली की परागाला जागा उरत नाही आणि फळधारणा घटते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे खाली पडतात आणि जमिनीवरूनच वेचली जातात. ती रसाळ असतात, धूळ लागली की धुतल्याशिवाय निघत नाही, आणि धुतलेला मोह वाळताना काळा पडतो. तेंदूपत्ता मे महिन्यात तोडतात. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पान पाहून घेतले जाते, आणि डागाळलेल्या पानांचा पुडा बाजूला पडला तर तोडणाऱ्या कुटुंबाची त्या दिवसाची मजुरी जाते. मोह आणि तेंदू कोणाच्या सातबाऱ्यावर नसतात, त्यामुळे त्यांच्या नुकसानीचा अर्जदारही सापडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. त्या हक्काला धुळीने लागलेली कात्री मोजायची व्यवस्था मात्र कोणी केली नाही.

आता सर्वांत वादाचा प्रश्न. पानावरचा काळेपणा खाणीचाच कशावरून? हा प्रश्न खाणीकडून नेहमी येतो आणि तो रास्त आहे. सावनेर भागात कोळशाच्या खाणीही आहेत आणि संत्राही आहे. संत्र्यावर काळी माशी आली, की तिच्या पिलांनी सोडलेल्या चिकट पाकावर काळी बुरशी वाढते. शेतकरी तिला कोळशीच म्हणतात. नावातच घोळ आहे, पण ओळखणे सोपे आहे. कोरड्या पांढऱ्या कपड्याने पान पुसा. काळी भुकटी कपड्यावर आली आणि पान खाली हिरवे निघाले, तर ती धूळ. पान हाताला चिकट लागले, काळा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि पानाच्या मागच्या बाजूला माशीची काळी पिले किंवा त्यांचे कोष दिसले, तर ती कोळशी, आणि तिच्यावर फवारणी लागेल. दोन्ही एकत्रही असू शकतात. धुळीने कीटकांचे नैसर्गिक शत्रू, म्हणजे परभक्षी कोळी आणि परोपजीवी माश्या, नीट काम करू शकत नाहीत. लाल कोळ्याचा प्रादुर्भाव धुळीच्या रस्त्याकडेच्या झाडांवर जास्त असतो तो याचमुळे. म्हणजे फवारणीचा वाढलेला खर्चसुद्धा काही अंशी धुळीच्याच खात्यात जातो.

धुळीतही भेद आहेत. ओबीची, म्हणजे कोळशाच्या वरच्या थरातून काढलेल्या माती-दगडाची धूळ पिवळसर-तांबूस असते. कोळशाची काळी, बोटाने घासली तर चमक येते. चंद्रपूरजवळ तिसरी एक असते. तिथे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याची उडती राख फिकी राखाडी, पिठासारखी लागते. भिंगाखाली तिचे कण काचेच्या बारीक गोळ्यांसारखे दिसतात, कोळशाचे कण धारदार आणि वेडेवाकडे असतात. वाळवलेली धूळ प्रयोगशाळेच्या भट्टीत ८०० अंशांच्या आसपास जाळली, की कोळसा जळून वजन घटते आणि त्यात कोळशाचा वाटा किती याचा ढोबळ अंदाज मिळतो. खाणीने वीज केंद्राकडे बोट दाखवायचे, वीज केंद्राने वाहतूकदाराकडे आणि वाहतूकदाराने सरकारी रस्त्याच्या खड्ड्यांकडे, हा खेळ या एका चाचणीने बराच थांबतो.

मोजमापाची पद्धत इथे पूर्ण देतो, कारण ‘हे मोजताच येत नाही’ असे सांगून विषय संपवला जातो. किमान पंधरा दिवस पाऊस झालेला नसावा. रस्त्यापासून किंवा खाणीच्या कडेपासून ५०, २००, ५०० आणि १,००० मीटरवर एकाच जातीची झाडे निवडा. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कडुनिंब चालेल, पण मोठे पान असलेला पळस किंवा साग सोयीचा. पाचवी जागा वाऱ्याच्या उलट बाजूला, खाणीपासून दूर, तुलनेसाठी. प्रत्येक जागी पाच झाडांची मिळून २० पाने घ्या. सगळी सारख्या वयाची, जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंचीची आणि खाणीकडे तोंड असलेली. पाने हलवू नका, देठाने धरून कात्रीने कापा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला. प्रयोगशाळेत २५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात मऊ ब्रशने पाने धुवा, पिशवीही त्याच पाण्याने विसळा. आधी वाळवून वजन केलेल्या गाळणकागदातून ते पाणी गाळा, कागद १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. पानांचे क्षेत्रफळ आलेख कागदावर आखून काढा. २० पानांचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि धूळ ३०० मिलिग्रॅम निघाली, तर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम. वजनकाटा मिलिग्रॅम दाखवणारा हवा. तो कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात असतो. ५० मीटरचा आकडा आणि १,००० मीटरचा आकडा शेजारी ठेवले, की वावर किती अंतरापर्यंत बाधित आहे हे कोणाला विचारायची गरज राहत नाही.

पंचनाम्यात आणखी एक चूक नेहमी होते, ती वाऱ्याची. आपल्याकडे हिवाळ्यात वारे मुख्यतः उत्तर-ईशान्येकडून वाहतात, उन्हाळ्यात पश्चिम-वायव्येकडून. म्हणजे कापूस आणि हरभऱ्याच्या दिवसांत खाणीच्या दक्षिण-नैर्ऋत्येची गावे भोगतात, आणि मे महिन्यात पूर्व-आग्नेयेची. तक्रार जानेवारीत केली आणि पाहणी मे महिन्यात झाली, तर पाहणी करणाऱ्याला पाने खरोखरच स्वच्छ दिसतील. तो खोटे बोलत नसतो, चुकीच्या महिन्यात आलेला असतो.

धूळ निदान दिसते. पाणी जाते ते दिसत नाही. खुली खाण म्हणजे पाण्याच्या पातळीच्या कितीतरी खाली नेलेला प्रचंड खड्डा. तो कोरडा ठेवायचा तर चोवीस तास उपसा करावा लागतो, आणि भोवतालचे भूजल खड्ड्याकडे उतरत जाते. पूर्वी मे महिन्यापर्यंत टिकणारी विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. त्याचा पहिला फटका ओलिताला बसतो. आंबिया बहारासाठी संत्र्याला डिसेंबर-जानेवारीत ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि मग पाणी सुरू करतात. ताण तोडायलाच पाणी नसेल तर बहार जातो, आणि एक-दोन वर्षे असेच झाले तर झाडच शेंड्याकडून वाळू लागते. शेंडेमर म्हणजे डिंक्या किंवा मूळकूज असे समजून बोर्डो पेस्ट लावत बसतात. मुळे खणून पाहिली तर कूज नसते, मुळे कोरडी असतात. धुऱ्यावरच्या जुन्या मोह-चिंचेचेही तेच. त्यांची मुळे वर्षानुवर्षांच्या पाण्याच्या पातळीशी जुळलेली असतात. पातळी हळू उतरली तर मूळ तिच्यामागे जाते, पाच-सहा वर्षांत झपाट्याने उतरली तर गाठू शकत नाही. भूमिगत खाणीत वरची जमीन खचून भेगा पडतात आणि पावसाचे पाणी मुळांना न लागता थेट खाली जाते. जुन्या भूमिगत कामांवर जमीन कशी वागते ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला एक राहते घर जमिनीत गडप झाले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. वावरात पडलेल्या भेगांची बातमी होत नाही.

उपसलेले पाणी वाईटच असते असे मात्र नाही. पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरले जाते. ईशान्य भारताच्या कोळशात गंधक भरपूर असते, तिथले खाणपाणी आम्ल असते. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक सहसा कमी, त्यामुळे तसे आम्ल पाणी आपल्याकडे सरसकट नाही. आपल्या खाणपाण्यात पाहायचे ते क्षार आणि सल्फेट. विद्युत वाहकता ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तर पाणी निर्धास्त द्यावे. ३ च्या वर असेल तर देऊच नये. मधल्या पाण्याला सोडियमचे प्रमाणही तपासावे, कारण आपली काळी माती चिकण, निचरा मंद, क्षार एकदा बसले की पावसानेही लवकर खाली जात नाहीत. हलक्या मुरमाड जमिनीवर चाललेले पाणी भारी काळ्या जमिनीवर चालेलच असे नाही. खाणीने शेतीला पाणी दिले ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त पाण्यासोबत दर हंगामाचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.

ओबीचे ढिगारे गावाच्या नाल्याला अडवतात तेव्हा तिसरे नुकसान सुरू होते. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, पायथ्याशी भोवताली चर आणि गाळ बसायला टाके असावेत, असे लिहिलेले असते. टाके असतातही. पण उन्हाळ्यात ते रिकामे केले नाहीत तर जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांत भरतात, आणि तिसऱ्या पावसाचा गाळ सरळ वावरात येतो. हा गाळ बारीक चिकण. पेरणीनंतर त्याचा अर्ध्या-एक सेंटिमीटरचा थर बसला आणि चार दिवस ऊन पडले, की पापडी धरते. सोयाबीनचा मोड ती फोडू शकत नाही, मान मोडते. दुबार पेरणीचे बियाणे कोणी देत नाही, कारण कागदोपत्री पाऊस चांगला झालेला असतो. जिथे ढिगाऱ्याने पाण्याची वाटच बंद केली तिथे वावर तुंबते, सोयाबीन पिवळे पडते आणि तूर उबळते. वर्धा, पैनगंगा आणि इरईच्या काठांवर ढिगारे टाकले की पुराला पसरायची जागा कमी होते आणि पाणी समोरच्या काठावर जास्त चढते. हे समजायला फार अभियांत्रिकी लागत नाही.

या सगळ्याला खाणींचे उत्तर ठरलेले असते: आम्ही इतकी लाख झाडे लावली. ते खरेही असते. म्हणून त्या झाडांचा हिशेब बारकाईने करू. ढिगाऱ्यावर बहुधा हेक्टरी २,५०० रोपे लावतात, दोन बाय दोन मीटरवर. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल, म्हणजे ०.२१६ घनमीटर. २,५०० खड्डे चांगल्या मातीने भरले तरी हेक्टरी ५४० घनमीटर माती लागते. त्याच हेक्टरवर ३० सेंटिमीटर जाडीचा वरच्या मातीचा थर द्यायचा तर ३,००० घनमीटर लागते, म्हणजे दहा घनमीटरच्या टिप्परच्या ३०० फेऱ्या. ५४० आणि ३,००० यांच्यातल्या फरकात सगळी गोष्ट आली. रोप पहिली दोन वर्षे खड्ड्यातल्या मातीवर जोमाने वाढते, फोटोत छान दिसते. मग मूळ खड्ड्याच्या भिंतीला लागते. पलीकडे वाळूखडक आणि शेलचा चुरा, डंपरांनी दाबून घट्ट केलेला, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाही, नत्र नाही, पाणी धरत नाही, आणि मे महिन्यात काळा शेल तव्यासारखा तापतो. मूळ वळून खड्ड्यातच फिरते. तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात झाड वाळते. बहुधा तोवर देखभालीचा करारही संपलेला असतो.

वरची माती कुठे गेली? खाण उघडताना ती वेगळी काढून ठेवायची अट आहे. ती दहा-बारा मीटर उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली, तर आतल्या भागात हवा पोचत नाही, मुळांना पोसणाऱ्या बुरश्या आणि जिवाणू मरतात, गवताचे बी रुजायची ताकद घालवते. मग जे पसरतात ते नुसते चिकण. ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच नसावा, त्यावर लगेच ताग किंवा धैंचा पेरावा, आणि शक्यतो ढीग करूच नये. एका बाजूने माती काढावी आणि त्याच हंगामात दुसऱ्या बाजूला तयार झालेल्या ढिगाऱ्यावर पसरावी. यात नवे तंत्र काही नाही, फक्त डंपरची पाळी कोळशाऐवजी मातीला द्यावी लागते. ती दिली जात नाही, कारण पाळीचे लक्ष्य टन कोळशात ठरते.

लावलेल्या जातींबद्दलही बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, काशीद, निलगिरी, गुलमोहर. लवकर हिरवे दिसायचे तर याच जाती लागतात हे मान्य. नापीक चुऱ्यावर पहिल्या पाच वर्षांत नत्र धरणारी झाडे हवीत हेही खरे. पण पाच वर्षांनंतर त्यांच्या सावलीत मोह, चारोळी, तेंदू, बेहडा, धावडा आलाच नाही, तर ते जंगल होत नाही. मोहाचे झाड बियांपासून पुरते फुलायला दहा-पंधरा वर्षे आणि कधी अधिक घेते. एक तोडलेला मोह म्हणजे एका कुटुंबाचे उत्पन्न, आणि त्याच्या बदल्यात मोजली जातात दहा सुबाभळी. जिथे काहीच टिकले नाही तिथे वेडी बाभूळ आपोआप माजते. तिची जाळी रानडुकरांना लपायला उत्तम, त्यांच्या मागे वाघ-बिबटे येतात. चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागातल्या लोकांना हे सांगायला नको.

चांगले करता येते याचा दाखला आपल्याच घरात आहे. नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ), मायकोरायझा बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू वापरून झाडे उभी करून दाखवली. कोळशाच्या ढिगाऱ्यावरही क्रम तोच हवा. आधी उतार, मग ३० सेंटिमीटर माती, पहिल्या पावसात मारवेल, पवन्यासारखे गवत आणि स्टायलोसारखा द्विदल चारा, उतारावर बांबू, दुसऱ्या वर्षी खैर, बाभूळ, करंज, बोर, आणि त्यांची सावली धरली की मोह, चारोळी, आवळा. गवत आधी, झाड नंतर. आज उलट होते, कारण हिशेब रोपांचा द्यायचा असतो. गवताची मोजणी कोणी मागत नाही.

देशाला वीज लागते, कोळसा काढावाच लागेल, या पट्ट्यातल्या हजारो घरांची चूल खाणीवर चालते. आमचा त्याला विरोध नाही. काही जागी खाण नकोच, आणि तसे निर्णय झालेलेही आहेत. ताडोबाजवळच्या लोहाऱ्याचा प्रस्ताव २००९ मध्ये थांबला, वाघांच्या वाटेवरचा बांदर कोळसा गट २०२० मध्ये लिलावातून वगळला गेला. पण चालू खाणींच्या शेजाऱ्यांचा प्रश्न या निर्णयांनी सुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन अतिप्रदूषित ठरवले, तेव्हा हवा, पाणी आणि जमीन पाहिली गेली. हरभऱ्याचा उतारा, म्हणजे उत्पादन, कोणी पाहिला नाही. पीकविमा नैसर्गिक आपत्तीसाठी आहे, धुळीला तो लागू होत नाही.

पैसा नाही हे कारण तर टिकतच नाही. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातल्यांना १० टक्के रक्कम तिथे भरावी लागते, आणि कोळशाचे स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे. या निधीच्या अग्रक्रमाच्या कामांत पर्यावरण आणि प्रदूषण नियंत्रण स्पष्ट लिहिलेले आहे. त्यातून सभामंडप आणि पेव्हिंग ब्लॉक होण्याआधी प्रत्येक खाणीभोवती पाच-सहा जागी पाने धुऊन मोजण्याचा खर्च सहज निघेल. खाण बंद करतानाच्या कामासाठी वेगळे एस्क्रो खातेही (काम झाल्यावरच रक्कम सुटणारे राखीव खाते) आहे. खुल्या खाणीसाठी २००९ मध्ये हेक्टरी ६ लाख रुपये ठरले होते, २०२० मध्ये ते ९ लाख झाले. टप्प्याटप्प्याने काम झाले की यातला मोठा भाग दर पाच वर्षांनी परत मिळू शकतो. ही परतफेड रोपांच्या संख्येवर देऊ नये. ३० सेंटिमीटर माती पसरली का आणि पाच वर्षांनंतर स्थानिक जातींची किती झाडे जिवंत आहेत, हे ग्रामसभेच्या दोन माणसांसमोर मोजून द्यावी.

वेळापत्रकही नवे करायला नको. मंजुरीच्या अटींप्रमाणे खाणी विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. ऑगस्ट सोडून उरलेल्या तीन वेळा त्याच दिवशी, त्याच विहिरींच्या धुऱ्यावरची पाने घ्यावीत. आकडे १ जून आणि १ डिसेंबरच्या सहामाही अनुपालन अहवालात जोडावेत, म्हणजे ते मंत्रालयातही जातील आणि गावालाही मागता येतील. कृषी सहायकाच्या पंचनाम्यात पाच रकाने वाढवावेत: खाणीपासून किंवा कोळशाच्या रस्त्यापासून अंतर, त्या आठवड्यातली वाऱ्याची दिशा, पानावरची धूळ मिलिग्रॅममध्ये, विहिरीची पातळी, आणि त्याच वाणाच्या, त्याच पेरणीच्या दूरच्या वावराशी तुलना करून उताऱ्यातली घट. कापसासाठी सहावा रकाना, रस्त्याकडच्या तासांतला कापूस वेगळा वेचून बाजारात मिळालेल्या भावाचा. वेगळ्या वेचणीची मजुरी खाणीने द्यावी. नोव्हेंबरची मोजणी वेचणीच्या दिवसांतच येते. पहिली तिथूनच सुरू करता येईल.